युनिटची ऑर्डर निघते, पण पोचते का? (पार्ट वन, पार्ट टू आणि मागच्या गेटची गोष्ट)

क्लार्क_हवालदार_रिटायर

नमस्कार मंडळी. शेजारच्या पोराचं परवा अग्निवीर ऑफिस असिस्टंटला नाव लागलं, पेढे घेऊन आला आणि विचारतोय, "काका, ऑफिसचं काम म्हणजे नुसतं टायपिंगच की?" मी त्याला बसवून तासभर सांगितलं आणि तरी पोटात बरंच राहिलं, ते इथं लिहितोय. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात घरटी एक फौजी आहे, तरी ह्या विषयावर कोण बोलत नाही. बोलतात ते बंदुकीवर आणि बर्फावर.

मी क्लार्क एसडी, म्हणजे स्टाफ ड्युटीजचा. सगळी नोकरी कागदात गेली. आधी साध्या भाषेत सांगतो. युनिटमध्ये दोन ऑर्डरी जवानाच्या रोजच्या जगण्यातल्या. पार्ट वन ऑर्डर म्हणजे युनिटचा कारभार, उद्याची परेड किती वाजता, ड्युटी कुणाची, कुठला रस्ता बंद, कुठला नियम बदलला. ती संध्याकाळी रोल कॉलला, म्हणजे हजेरीला, वाचून दाखवतात आणि बोर्डावर लागते. पार्ट टू ऑर्डर म्हणजे जवानाच्या नोकरीतली प्रत्येक घडामोड, सुट्टीवर गेला, परत आला, बदली झाली, कोर्स पास झाला, लग्न झालं, पोरगी झाली. तिला ओळीनं नंबर पडतो, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, पगाराच्या ऑफिसला जाते आणि त्या जवानाच्या कागदपत्रात कायमची बसते. पार्ट वन चुकली तर त्याच आठवड्यात कळतं. पार्ट टू चुकली तर तीस वर्षांनी कळतं, तेव्हा तो माणूस नसतो आणि त्याची बायको कागद हातात घेऊन उभी असते.

ह्या दोन्हीच्या वर आर्मी हेडक्वार्टरच्या आर्मी ऑर्डर असतात, फॉर्मेशनच्या, म्हणजे ब्रिगेड-डिव्हिजनसारख्या वरच्या हेडक्वार्टरच्या, चिठ्ठ्या असतात, युनिटच्या स्वतःच्या स्टँडिंग ऑर्डर असतात, गार्डच्या ऑर्डर वेगळ्या. नवीन ऑर्डर काढणं ह्यात सगळ्यात सोपं. साहेब सांगतात, आपण ड्राफ्ट करतो, अॅडज्युटंट साहेब (युनिटचा कारभार बघणारे अधिकारी) सही करतात, झालं. अवघड असतंय ते जुनी मागं घेणं. हे मला कुठल्या ट्रेनिंगनं शिकवलं नाही, एका चुकीनं शिकवलं.

युनिटचं नाव सांगत नाही. आमच्या कॅम्पला दोन गेट होती. बाहेरच्या कंत्राटदाराच्या गाड्या मागच्या गेटनं यायच्या, त्यांना पास होता आणि तो दाखवला की गाडी आत. मग पद्धत बदलली, नुसता पास चालणार नाही, त्या दिवसाची क्वार्टर मास्टरच्या (सामान-रसद बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या) ऑफिसची चिठ्ठी पाहिजे, नाहीतर गाडी गेटबाहेर उभी करायची. ऑर्डर मीच टाइप केली. गार्ड ऑर्डरच्या त्या पॅऱ्याची अमेंडमेंट स्लिप, म्हणजे दुरुस्तीची पट्टी, पण मीच कापली, कागदाची चार बोटं रुंद पट्टी असती, जुन्या पॅऱ्यावर डिंकानं चिकटवायची आणि शेजारी तारीख घालून सही करायची. मेन गेटला लागली, गार्ड रूमला लागली, कंपन्यांना (युनिटच्या तुकड्यांना) गेली. मागच्या गेटला एक लाकडी फळी होती, त्यावर प्लास्टिकखाली जुनी ऑर्डर, उन्हानं पिवळी पडलेली. तिथं स्लिप गेलीच नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी एक ट्रक जुन्या पासवर आत आला आणि नेमका ड्युटीवरच्या जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) साहेबांच्या पुढ्यात आला. गेटवरचा संत्री, म्हणजे पहारेकरी, नवीन पोरगा, सुट्टीवरनं त्याच दिवशी आलेला, म्हणजे रोल कॉलला जेव्हा वाचलं तेव्हा तो गावाला. त्यानं फळीवर जे लिहिलंय तेच केलं. दुसऱ्या दिवशी त्याला शिक्षेसाठी साहेबांसमोर मार्च करायचं ठरलं. आर्मी अॅक्ट १९५० च्या कलम ४२ मध्ये जनरल, लोकल किंवा इतर ऑर्डर पाळण्यात हयगय करणं हा गुन्हा आहे, आणि कागदावर बघितलं तर तो त्यात बसत होता, कारण नवीन ऑर्डर तर निघालेली होती ना.

मी रात्री ऑफिस उघडून डिस्पॅच रजिस्टर काढलं, कुठला कागद कुणाला पोचला त्याची वही. त्या ऑर्डरच्या ओळीत सह्यांचे रकाने, मेन गेट सही, गार्ड रूम सही, चारी कंपन्या सही, आणि मागचं गेट, रकाना कोरा. पांढरा. मी किती वेळ त्या रकान्याकडं बघत बसलो माहीत नाही. कागद पोचवणारा रनर त्या दिवशी आजारी होता, दुसऱ्याला पाठवलं आणि परत आल्यावर सह्या तपासायचं माझं काम मी केलं नव्हतं.

सकाळी रजिस्टर घेऊन अॅडज्युटंट साहेबांसमोर उभा राहिलो, म्हणालो साहेब पोराची चूक नाही, त्याच्यापर्यंत ऑर्डर पोचवायचं काम माझं होतं, हा रकाना बघा. पोरगा सुटला. मला जे मिळायचं ते मिळालं आणि ते बरोबर होतं. तेव्हापासून रिटायर होईपर्यंत मी कुठलीही ऑर्डर "निघाली" म्हणून फाइल बंद केली नाही. सगळे रकाने भरले, जुना कागद माझ्या हातात परत आला, त्यावर "रद्द" लिहिलं, मगच बंद.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी आपापले अनुभव लिहा. आत जे गोपनीय असतंय ते सोडून लिहा.

---

सिग्नलवाला_गारगोटी

दादा, वाचून अंगावर काटा आला. मी सिग्नलमध्ये, म्हणजे फौजेच्या संदेश-दळणवळणात, होतो, आमच्याकडं हीच गोष्ट वायरवर चालायची. प्रत्येक मेसेजला घाई किती ते लिहायचं, फ्लॅश, ऑप इमीजिएट, प्रायॉरिटी, रुटीन, आणि वर सहा आकडे, पहिले दोन तारीख आणि मागचे चार वेळ. १५१८३० म्हणजे पंधरा तारीख, संध्याकाळी साडेसहा. एवढ्याशा आकड्यात किती मोठी गोष्ट आहे बघा, एकाच विषयावर दोन मेसेज पोचले तर कुठला नंतरचा हे भांडायला जागाच राहत नाही.

पण माणसं काय करतात, आपलं काम लवकर व्हावं म्हणून रुटीनचा मेसेज प्रायॉरिटी करून पाठवतात. सणाच्या जेवणाच्या रेशनचा आकडा पण घाईत. सगळेच घाईत असले की ऑपरेटरला खरी घाई कुठली कळणार कशी? आमचे उस्ताद सांगायचे, ज्याला आपल्या कामाची खरी किंमत माहीत आहे तो रुटीनवर रुटीनच लिहितो.

आणि पोच. नुसतं पाठवलं म्हणजे दिलं असं आमच्यात कधीच धरलं नाही. समोरून अॅक्नॉलेज आलं, त्याची वेळ लॉगमध्ये पडली, तरच दिलं. तुमचा कोरा रकाना आणि आमचा न आलेला अॅक एकच.

---

शिरोळची_लेक

मी फौजी नाही, फौजीची मुलगी आहे. आमच्या तालुक्यातलं सैनिक टाकळी सगळ्यांना माहीत आहे, पण आजूबाजूच्या गावातनं पण पोरं तेवढीच गेलीत, त्यातले आमचे बाबा एक. बाबा गेले त्याला आता वर्ष होत आलं.

काका तुम्ही लिहिलंय ना, तीस वर्षांनी कळतं आणि बायको कागद घेऊन उभी असते, ती माझी आई आहे. तिचं लग्नात नाव बदललं, तेव्हा बदलायचेच सगळे, ताटात तांदूळ घेऊन अंगठीनं नाव काढायचे. बाबांनी युनिटला कळवताना माहेरचं नाव दिलं का सासरचं हे कुणालाच आठवत नाही. आता आधारवर एक नाव, बँकेत तेच, आणि बाबांच्या फौजेच्या कागदात दुसरंच. फॅमिली पेन्शनचं काम अडकलंय. ज्या ज्या खिडकीवर गेलो तिथं विचारतात, "पार्ट टू ऑर्डर आहे का?" आणि पार्ट टू ऑर्डर म्हणजे काय हे मला आज तुमचा धागा वाचून कळलं. एक वर्ष मी ह्या शब्दाला नुसती मान हलवत होते.

काय करायचं सांगाल का?

---

क्लार्क_हवालदार_रिटायर

ताई, आधी एक सांगतो, तुमच्या आईचं काही चुकलेलं नाही आणि हे काम होतं. वेळ लागतो पण होतं. आपल्याकडं बाईचं नाव लग्नात बदलायची रीत होती, त्यामुळं असल्या केसेस मी कितीतरी बघितल्यात.

पहिलं, बाबांचं डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) शोधा. डिस्चार्ज बुकात कुटुंबाची माहिती असती, त्यात आईचं नाव कुठल्या स्पेलिंगनं आहे ते अक्षर अक्षर उतरून घ्या. दुसरं, रेकॉर्ड ऑफिस कुठलं ते बरोबर धरा. आपल्याकडं सगळ्यांना वाटतं फौज म्हणजे बेळगाव, पण बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीचं रेकॉर्ड आहे, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नलचं जबलपूरला. बाबा ज्या रेजिमेंटचे किंवा कोअरचे, तिथलंच पाहिजे. चुकीच्या ऑफिसला अर्ज गेला की महिने जातात.

मग आईच्या सहीचा अर्ज, त्यात बाबांचा आर्मी नंबर, रँक, नाव ठळक. सोबत दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र, लग्नाच्या नोंदीचा कागद, आधार. आणखी काय पाहिजे ते रेकॉर्ड ऑफिस पत्रानं कळवतं, राजपत्रातली नावबदलाची नोंद मागितली तर ती करून घ्या, मुंबईला जावं लागत नाही, ऑनलाइन अर्ज होतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातनं अर्ज पुढं पाठवा, माजी सैनिकांच्या विधवांसाठी ते कामच आहे त्यांचं. सगळं बघून रेकॉर्ड ऑफिस नवीन पार्ट टू ऑर्डर काढतं आणि मग पेन्शनचा कागद दुरुस्त होतो. आता पेन्शन स्पर्शवर, म्हणजे फौजेच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेवर, आहे, तिथं नाव जुळल्याशिवाय पुढं सरकत नाही.

आणि एक विनंती, फक्त झेरॉक्स पाठवा, मूळ कागद हातचा सोडू नका. अर्जाची एक प्रत, पोस्टाची पावती त्याला टाचून, वहीत तारीख. तुम्ही स्वतःचं डिस्पॅच रजिस्टर ठेवा.

घरात जुनी ट्रंक असली तर तळापर्यंत बघा. त्या काळातली माणसं पार्ट टूची कार्बन कॉपी जपून ठेवायची.

---

मोडी_वाचतो

मी फौजी नाही, मोडी शिकलोय आणि आपल्या कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जुने कागद बघायला जात असतो. हा धागा वाचताना मला सारखं शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र आठवतंय. सगळ्यांना त्यातला रयतेला त्रास देऊ नका हा भाग माहीत आहे, पण लेखी ऑर्डर म्हणून ते वाचून बघा.

पत्र जुमलेदार, हवालदार आणि कारकून ह्यांना आहे, म्हणजे थेट ज्यांनी अंमल करायचा त्यांना. कारकुनाला पण. आणि नुसतं "आगीची काळजी घ्या" असं नाही. रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, मग पावसाळ्यात घोड्यांना वैरण नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. का करायचं ते लिहिलंय आणि नाही केलं तर काय होईल ते पण. ज्या माणसाला उंदीर आणि वात डोळ्यासमोर दिसली तो दिवा मालवल्याशिवाय झोपेल का?

दुसरी गोष्ट शिक्क्याची. मजकूर संपला की शेवटी "मर्यादेयं विराजते" ही छोटी मुद्रा उठायची. इथं मजकुराची मर्यादा संपली. नंतर कुणी खाली एखादी ओळ घुसडली तर मुद्रेच्या पुढं गेलेली कळतेच. दादा, तुमच्या स्लिपेशेजारच्या सहीचं काम तेव्हा ती मुद्रा करत होती.

उलटं उदाहरण पण देतो. क्रिमियाच्या युद्धात बालाक्लावाला, २५ ऑक्टोबर १८५४. इंग्रजांचा सेनापती लॉर्ड रॅग्लन टेकडीवर, त्याला शत्रू इंग्रजांकडनं पकडलेल्या तोफा ओढून नेताना दिसत होता. त्यानं घोडदळाला चिठ्ठी पाठवली, पुढं जा आणि तोफा नेऊ देऊ नका. कुठल्या तोफा ते चिठ्ठीत नाही, कारण त्याला वरनं दिसतच होत्या. खाली दरीत असलेल्या घोडदळाच्या प्रमुखाला, लॉर्ड लुकनला, त्या दिसत नव्हत्या. चिठ्ठी घेऊन आलेल्या कॅप्टन नोलनला विचारलं तर त्यानं हात केला तो दरीच्या टोकाकडं, जिथं रशियन तोफा रोखून बसलेल्या. सहाशेच्यावर घोडेस्वार सरळ त्या तोफांवर गेले, शंभरावर तिथंच मेले, आणि नोलन सगळ्यात आधी पडला, त्यामुळं त्याला काय दाखवायचं होतं हे कुणालाच विचारता आलं नाही.

लिहिणाऱ्याला जे दिसतंय ते वाचणाऱ्याला दिसत नसतं. रॅग्लननं दोन शब्द जास्त लिहिले असते तर.

---

टेंबलाईचा_टीए

सगळं पटतंय पण एक बोलतो, राग मानू नका. मी टेरिटोरियल आर्मीत आहे, आणि फील्डमध्ये ऑर्डर तोंडीच असती. रात्री पेट्रोल, म्हणजे गस्त, निघताना कोण रजिस्टर आणतंय? कमांडर सांगतो, आम्ही करतो. कागद इतके वाढलेत की एक रिटर्न (वर पाठवायचा तक्ता) भरेपर्यंत दुसरी येती, तीच माहिती वेगळ्या रकान्यात. पोरं वाचत नाहीत, नुसती सही ठोकतात. मग त्या सहीला अर्थ काय? मागच्या गेटच्या रकान्यात सही असती आणि संत्रीनं वाचलंच नसतं तर?

---

क्लार्क_हवालदार_रिटायर

राग कशाला भावा, शेवटचा प्रश्न तर मला पण रात्री पडायचा.

तोंडी ऑर्डरला कायद्यात कमी मान नाही. कलम ४१ मध्येच आहे, तोंडी असो, लेखी असो, सिग्नलनं असो, कायदेशीर हुकूम तो हुकूमच. पेट्रोलची ऑर्डर पण बघ, चांगला कमांडर एका क्रमानं देतो. परिस्थिती, मिशन, कसं करायचं, रसद, मग कमांड आणि सिग्नल. तोंडी असली तरी सांगाडा कागदाचाच, म्हणून काही सुटत नाही. आणि शेवटी तो एका जवानाला विचारतो, सांग बरं तुझं काम काय? तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच सापडलं. मागच्या गेटच्या नंतर मी सुभेदार मेजर साहेबांना विनंती केली, आणि गार्ड चढताना गार्ड कमांडरनं संत्रीच्या तोंडनं बदललेला पॅरा म्हणून घ्यायचा असं सुरू झालं. सही राहिली, पण सहीवर भरवसा ठेवायचं बंद केलं.

कागद वाढलेत हे शंभर टक्के खरं. माझं मत, नवीन ऑर्डर काढणाऱ्यानं खाली एक ओळ लिहिलीच पाहिजे, ह्या ऑर्डरनं कुठली जुनी ऑर्डर रद्द झाली. ती ओळ लिहिता येत नसेल तर त्याला स्वतःलाच माहीत नाही आधी काय होतं. निम्मा पसारा त्या एका ओळीअभावी आहे.

---

सिग्नलवाला_गारगोटी

ही ओळ आमच्याकडं सक्तीची असती तर माझी निम्मी रात्रपाळी वाचली असती.

---

नवा_गडी_कागल

काका, पेढे आणणारा मीच 🙏 मला वाटलं नव्हतं तुम्ही एवढं लिहाल. एक विचारायचं होतं, आत गेल्यावर पहिल्या महिन्यात काय शिकू?

---

क्लार्क_हवालदार_रिटायर

बाळा, इंग्रजी टायपिंग तर करशीलच. पण पहिल्या महिन्यात ऑफिसमधल्या फायली उघडून नुसत्या वाच. पान नंबर बघ, कुठलं पान गायब आहे का बघ, असेल तर हेड क्लार्कना विचार. तारखेचं अंतर बघ. एखादी अमेंडमेंट आली असेल तर ती मूळ ऑर्डरवर खरंच चढलीय का बघ, पेन्सिलनं खूण कर. कुणी जवान पोरगी झाली म्हणून जन्मदाखला घेऊन आला तर त्याला "उद्या ये" म्हणू नकोस. त्याच वेळी घे, स्पेलिंग त्याच्यासमोर वाचून दाखव, आणि पार्ट टू निघाली की नंबर आणि तारीख चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात दे. म्हण, ही घरी पाठव, ट्रंकेत ठेवायला सांग.

---

शिरोळची_लेक

काका, तुमचं वाचून काल रात्री आईनं माळ्यावरची काळी ट्रंक उतरवली. वर बाबांचे गरम कपडे, त्याखाली पुठ्ठा, त्याखाली एक जाड पाकीट. त्यात पातळ, निळसर पडलेली कार्बन कॉपी आहे. पार्ट टू ऑर्डर, नंबर वाचता येतोय, तारीख वाचता येतीय. लग्नाची नोंद. नाव आईच्या माहेरचं आहे. आणि खाली बाबांच्या हातानं, पेनानं, मराठीत लिहिलंय, "लग्नानंतरचं नाव" आणि पुढं आईचं आत्ताचं नाव, पुढं तारीख. बहुतेक तेव्हाच दुरुस्त करायचं म्हणून लिहून ठेवलं असेल, मग बदली आली असेल.

आई ते नाव कितीतरी वेळ बोटानं वाचत होती. तिला माहेरच्या नावानं आता हाक मारणारं कुणी उरलेलं नाही.

झेरॉक्स काढून आणल्यात, पाच. मूळ कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलाय. सोमवारी सैनिक कल्याण कार्यालयात जातोय दोघी. वही पण केलीय, पहिल्या पानावर तारीख घातली.